मेट्रो येईपर्यंतचं ठाणे

(वर्तकनगर, ठाणे येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय पत्रिकेवर ‘शहरांतील शाश्वत वाहतुकीचे नियोजन’ असा छापला आहे. नाव भारदस्त आहे, अर्थ साधा आहे. शहरातल्या माणसाला कामावर, शाळेत, दवाखान्यात, बाजारात धड जाता यावं. आज जाता यावं आणि वीस वर्षांनीही जाता यावं. आणि त्यापायी शहराची हवा, जमीन आणि माणसाचा खिसा यांचं दिवाळं निघू नये. एवढंच.

आम्ही आज ठाण्याच्या वाहतूक आराखड्यांचं परीक्षण करणार आहोत. नाटकाचं परीक्षण होतं, पुस्तकाचं होतं, मग आराखड्याचं का होऊ नये? नाटक आवडलं नाही तर मध्यंतरात उठून घरी जाता येतं. आराखड्यातून उठून जाता येत नाही, त्यातच राहावं लागतं. म्हणून तो जास्त काळजीने वाचायला हवा.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाट पाहायला नको. ठाण्याचे आराखडे नेहमी एका येणाऱ्या गोष्टीबद्दल बोलतात. मेट्रो येणार, बोगदा होणार, वर्तुळ पूर्ण होणार. ते येईपर्यंत लोकांनी कसं जायचं, याचं उत्तर त्यात नसतं. तिथे ‘तोवर’ असा एक शब्द असतो. तोवर बस आहे, तोवर रिक्षा आहे, तोवर चालत जा. आमचा आक्षेप या ‘तोवर’वर आहे. कारण या शहरातली शाश्वत म्हणावी अशी वाहतूक, म्हणजे चालणं आणि बस, नेमकी त्या ‘तोवर’मध्ये ढकलून दिलेली आहे. आणि गंमत अशी की मेट्रो यशस्वी व्हायची असेल तर तीही याच दोन गोष्टींवर अवलंबून आहे.

आधी जमेची बाजू

टीका करायची तर जमेची बाजू आधी मांडावी. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून निघाली आणि ३४ किलोमीटर धावून ठाण्याला आली. सार्वजनिक वाहतुकीच्या नकाशावर हे गाव पहिल्या दिवसापासून आहे. इथल्या माणसाला गर्दीच्या गाडीत शिरण्याची लाज वाटत नाही. जगातली किती तरी शहरं आपल्या लोकांना मोटारीतून उतरवण्यासाठी धडपडतायत. आपल्याकडे बहुसंख्य लोक मोटारीत बसलेलेच नाहीत. मुंबई महानगर प्रदेशाचा जो सर्वंकष वाहतूक अभ्यास २००८ मध्ये पूर्ण झाला, त्यात एकूण प्रवासांपैकी निम्म्याहून अधिक प्रवास पायी होतात असं आढळलं होतं. निम्म्याहून अधिक! म्हणजे शाश्वत वाहतूक आपल्याला बाहेरून आणायची नाहीये. आहे ती टिकवायची आहे.

मेट्रोलाही आमचा विरोध नाही, हे स्पष्ट करतो. लोकलवरचा ताण ज्याने पाहिला आहे तो मेट्रोला विरोध करणार नाही. वडाळा ते कासारवडवली ही सुमारे ३२ किलोमीटरची मेट्रो ४, पुढे तिचं गायमुखपर्यंतचं शेपूट, कापूरबावडीहून भिवंडीमार्गे कल्याणला जाणारी मेट्रो ५, आणि आता वर्तुळाकार मेट्रो. या मार्गिका लागणारच आहेत. प्रश्न आहे त्या कशाच्या जोरावर चालणार आणि कशाच्या बदल्यात येणार, हा.

किती दिवसांचं ‘तोवर’?

मेट्रो ४ ची पायाभरणी झाली डिसेंबर २०१६ मध्ये. कामाला सुरुवात झाली २०१८ मध्ये. ठाण्याच्या हद्दीतल्या गायमुख ते विजय गार्डन या टप्प्यावर चाचणीची गाडी धावली २२ सप्टेंबर २०२५ ला. पायाभरणी ते चाचणी, पावणेनऊ वर्षं. पायाभरणीच्या वेळी पहिलीत असलेलं मूल चाचणीच्या वेळी दहावीत होतं. त्या मुलाचं सगळं शालेय आयुष्य ‘तोवर’मध्ये गेलं.

मोठ्या कामाला वेळ लागतो, हे आम्हाला मान्य आहे. भूसंपादन, न्यायालयं, कारशेडची जागा, मध्ये कोविड. पण वेळ लागतो हे ठाऊक असताना त्या वेळेचं नियोजन करायचं नाही, हे कसं चालेल? घराची दुरुस्ती काढली तर आपण तितके महिने राहायची सोय आधी बघतो. शहराची दुरुस्ती काढताना दहा वर्षांची सोय कोणी बघितली? घोडबंदर रस्त्यावर खांब उभे राहिले, रस्ता अरुंद झाला. त्याच काळात, त्याच रस्त्यावर, बसला वेगळी वाट किंवा चौकात प्राधान्य मिळालं असतं तर लोकांनी त्रास थोडा आनंदाने सोसला असता. झालं काय? अलीकडे सेवा रस्तेच मुख्य रस्त्यात विलीन करायचं काम हाती घेतलं गेलं. रहिवाशांनी विरोध केला. तो विरोध आम्हाला अगदी समजतो. सेवा रस्ता म्हणजे वाहतूक अभियंत्याला वाया गेलेली मार्गिका वाटते. पण शाळेची बस तिथे थांबते, आजोबा तिथून दूध आणायला जातात, भाजीची गाडी तिथे उभी राहते. तो रस्ता हायवेत गेला की घराच्या दारात हायवे येतो.

६ लाख ४७ हजारांचा हिशेब

आता वर्तुळाकार मेट्रोकडे येऊ, कारण वर्तकनगरच्या बाजूने जाणारी ती हीच. केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ ऑगस्ट २०२४ ला तिला मंजुरी दिली. २९ किलोमीटर, २२ स्थानकं, खर्च सुमारे १२,२०० कोटी, २०२९ पर्यंत सुरू करण्याचं उद्दिष्ट. नौपाडा, वागळे इस्टेट, डोंगरीपाडा, हिरानंदानी इस्टेट, कोलशेत, साकेत असा फेरा. एका बाजूला उल्हास नदी, दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. मधल्या काळात हीच कल्पना हलक्या रेल्वेच्या रूपात मांडली गेली होती, मग फिरून मेट्रो झाली. ते असो.

मंजुरीच्या निवेदनात प्रवाशांचा अंदाज दिला आहे. २०२९ मध्ये रोज ६.४७ लाख, २०३५ मध्ये ७.६१ लाख, २०४५ मध्ये ८.७२ लाख. आता हा पहिला आकडा जरा हातात घेऊन बघा. मुंबईत पश्चिम उपनगरांत मेट्रो २अ आणि मेट्रो ७ मिळून सुमारे ३५ किलोमीटरचं जाळं आहे. जानेवारी २०२३ पासून ते पूर्ण सुरू आहे. दाट वस्ती, लिंक रोड, द्रुतगती महामार्ग, सगळं आहे. दोन-अडीच वर्षांनी तिथली रोजची प्रवासीसंख्या तीन लाखांच्या घरात पोहोचली. मग ठाण्याच्या २९ किलोमीटरवर पहिल्याच वर्षी साडेसहा लाख माणसं कुठून येणार?

येऊ शकतात, असं आम्ही म्हणतो. ठाण्यात माणसं आहेत, गरज आहे, आणि ही मेट्रो ठाणे स्थानकाला जोडणार आहे, ही तिची मोठीच जमेची बाजू आहे. कारण बघा, मेट्रो ४ ठाणे रेल्वे स्थानकाला शिवतच नाही. ती तीन हात नाक्यावरून, महामार्गाच्या अंगाने सरळ पुढे जाते. देशातली पहिली रेल्वे ज्या स्थानकात आली, त्या स्थानकाला शहरातली पहिली मेट्रो वळसा घालून जाते! ही चूक वर्तुळ भरून काढणार आहे. पण साडेसहा लाखांचा आकडा खरा ठरायचा असेल, तर दर स्थानकाच्या आजूबाजूच्या दोन-तीन किलोमीटरांतली माणसं तिथपर्यंत पोहोचली पाहिजेत. ती कशी पोहोचणार? चालत, बसने किंवा शेअर रिक्षाने. चौथा मार्ग नाही. मोटारीने येणाऱ्यांसाठी प्रत्येक स्थानकाखाली वाहनतळ बांधला तरी त्यात किती मावणार?

हे आमच्या मनाचं नाही. केंद्राचं २०१७ चं मेट्रो रेल धोरणच सांगतं, की स्थानकाच्या दोन्ही बाजूंच्या पाच किलोमीटर परिसराला पूरक बससेवा, पदपथ, सायकलमार्ग यांनी जोडण्याची तजवीज प्रकल्पातच हवी. त्याआधी २००६ चं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण सांगून गेलं, की रस्त्यावरची जागा वाहनांच्या नव्हे तर माणसांच्या हिशेबाने वाटा. धोरणं चांगली आहेत हो. ती वाचून अंमलात आणणारे कुठे अडतात, ते बघू.

कॅडबरी जंक्शन ते वर्तकनगर नाका

मेट्रो ४ चं एक स्थानक कॅडबरी जंक्शनला आहे. तिथून पोखरण रोड नंबर एकने वर सरळ आलात की वर्तकनगर. अंतर सव्वा ते दीड किलोमीटर. धडधाकट माणसाला वीस मिनिटं. जगातल्या कुठल्याही मेट्रोच्या हिशेबाने हे अंतर ‘आवाक्यातलं’ आहे.

आता भारतीय रस्ते परिषदेची पादचारी सुविधांबाबतची २०१२ ची मार्गदर्शिका घ्या. निवासी भागात पदपथाची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर. व्यापारी भागात त्याहून जास्त. उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नको, नाहीतर म्हातारी माणसं चढत-उतरत नाहीत, सरळ रस्त्यावरून चालतात. ‘मोकळी’ या शब्दाला महत्त्व आहे. त्यात झाड, विजेचा डीपी बॉक्स, होर्डिंगचा खांब, दुकानाची पायरी, लावलेल्या दुचाकी काहीच मोजायचं नाही. ही पट्टी घेऊन तुम्ही स्वतः एकदा नाक्यापासून कॅडबरीपर्यंत जा. १.८ मीटर मोकळा पदपथ सलग किती पावलं मिळतो, तेवढं मोजा. आम्ही उत्तर सांगत नाही. हा गृहपाठ आहे.

गेल्या दशकात हा रस्ता रुंद झाला. रुंदीकरणाने गाड्यांना जागा मिळाली. पण रस्ता रुंद झाला की तो ओलांडणंही लांबतं, हे कोणी लक्षात घेत नाही. पूर्वी दोन ढांगांत पलीकडे जाणारी बाई आता दुभाजकावर उभी असते, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मूल. अभियंत्याच्या कागदावर रस्त्याची क्षमता वाढलेली असते. तिच्या लेखी कमी झालेली असते. दोघंही खरं बोलतायत. प्रश्न एवढाच, की आराखड्यात कोणाचा हिशेब धरला?

बस: साठ हव्यात, बावीस आहेत

आता बसकडे येतो. इथे थोडं थांबायला हवं.

नागरी वाहतुकीच्या सेवेची पातळी कशी मोजायची, याचे मापदंड केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००९ मध्ये ठरवले. हजार लोकसंख्येमागे ०.६ किंवा अधिक बस असतील तर उत्तम. म्हणजे लाखाला साठ. ०.२ च्या खाली, म्हणजे लाखाला वीसपेक्षा कमी, असतील तर सगळ्यात खालचा दर्जा. ठाणे महापालिकेची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या १८ लाख ४१ हजार. उत्तम दर्जासाठी लागतील सुमारे ११०० बस. १९८९ मध्ये सुरू झालेल्या आपल्या टीएमटीकडे गेली काही वर्षं चारशेच्या आतबाहेर बस आहेत. लाखाला बावीस. तेही चौदा-पंधरा वर्षांपूर्वीच्या लोकसंख्येवर! त्यानंतर घोडबंदरला, कोलशेतला, इथे पोखरणला किती टॉवर उभे राहिले ते तुम्ही रोज बघता. आजच्या लोकसंख्येने भागलं तर आपण तळाला टेकलेले असणार.

तूट किती? ढोबळमानाने सातशे बस. विजेवर चालणारी मोठी वातानुकूलित बस दीड कोटीची धरली, तर सातशे बसचे होतात १०५० कोटी. वर्तुळाकार मेट्रोचा एक किलोमीटर पडतो ४२० कोटींना. म्हणजे अडीच किलोमीटर मेट्रोच्या पैशांत सगळ्या ठाण्याची बसची तूट भरून निघते. नुसत्या खरेदीचा हिशेब आहे हा, आम्हाला कल्पना आहे. बसला चालक लागतो, वाहक लागतो, आगार लागतं, चार्जिंग लागतं, दर महिन्याला पगार लागतो. आणि खरी मेख इथेच आहे.

मेट्रोचा पैसा भांडवली खात्यातून येतो. केंद्र आणि राज्याचं समान भागभांडवल, परदेशी वित्तसंस्थांचं कर्ज, स्थानकांच्या नावांचे हक्क विकून मिळणारे पैसे. त्याचं भूमिपूजन होतं, कोनशिला बसते. बसचा खर्च मात्र चालू खात्यातला. तो दरवर्षी महापालिकेच्या अंदाजपत्रकात येतो, आणि त्याचं नाव असतं ‘तोटा’. परिवहनचा तोटा, परिवहनला अनुदान, परिवहन म्हणजे पांढरा हत्ती. ही भाषा आपण इतकी वर्षं ऐकतोय की ती खरी वाटायला लागली आहे. पण एक विचारतो. पोखरण रोडचं डांबरीकरण झालं, उड्डाणपूल झाला, पथदिवे लागले. त्याचा वर्षाचा ‘तोटा’ किती, असं कधी कोणी छापलं? नाही ना? रस्ता ही सेवा आणि त्या रस्त्यावरून पन्नास माणसं नेणारी बस हा तोटा! हे हिशेबाचं खातं कुठलं?

आणखी एक योगायोग सांगतो. १६ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने पीएम ई-बस सेवा ही योजना मंजूर केली. देशातल्या १६९ शहरांसाठी १०,००० बस, दहा वर्षं चालवायला मदत, एकूण खर्च ५७,६१३ कोटी. त्यात केंद्राचे २०,००० कोटी. बरोबर एक वर्षाने, १६ ऑगस्ट २०२४ ला, ठाण्याच्या वर्तुळाला १२,२०० कोटी मंजूर झाले. त्याच्या महिनाभर आधी, जुलै २०२४ मध्ये, ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं भूमिपूजन झालं. ११.८ किलोमीटर, १६,६०० कोटी. या दोन प्रकल्पांची बेरीज २८,८०० कोटी. म्हणजे एका शहरातले दोन प्रकल्प, आणि खर्च देशभरच्या दहा हजार बसच्या निम्मा. आम्ही असं म्हणत नाही की बोगदा नको. बोरिवलीला जायला घोडबंदरचा वळसा घालणाऱ्याला विचारा, तो हवाच म्हणेल. पण त्या बोगद्यातून दर दहा मिनिटांना बस जाणार का, तिचा थांबा मानपाड्याला कुठे असणार, तिथून वर्तकनगरला कसं यायचं, हे प्रश्न आज विचारले नाहीत तर बोगदा मोटारींचाच होणार. उद्घाटनानंतर विचारून उपयोग नाही.

चालत कामाला जाणारं गाव

थोडं मागे जाऊ. वाहतुकीचा प्रश्न वाहतुकीतच सुरू होत नाही. तो राहायचं कुठे आणि काम कुठे, यात सुरू होतो.

या भागात १९२५ पासून लोकरीची गिरणी होती, पुढे तिचं रेमंड झालं. शेजारी वागळे इस्टेट, जिथे १९६२ मध्ये एमआयडीसीचा श्रीगणेशा झाला. कारखान्यांच्या आसपास कामगारांच्या वस्त्या, म्हाडाच्या तीन-चार मजली इमारती. भोंगा झाला की माणसं चालत निघायची. फारतर सायकल. कोणी त्याला शाश्वत वाहतूक म्हटलं नाही, पण ती होती. तिचा आराखडा होता घर आणि काम यांतल्या अंतराचा.

कारखाने गेले. त्या जमिनींवर टॉवर आले. काम गेलं बीकेसीला, ऐरोलीला, अंधेरीला. चालत जाणारा माणूस लोकलला लटकला किंवा त्याने बाइक घेतली. आता म्हाडा वसाहतींचा पुनर्विकास चालू आहे. तो व्हायलाच हवा, गळक्या घरांत कोणी राहू नये. पण पुनर्विकासाचे नियम बघा. २०२० ची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली इमारतीला किमान इतकी पार्किंग द्यायलाच हवी असं सांगते. सदनिकेचा आकार वाढला की पार्किंग वाढतं. मेट्रोचं स्थानक आणि बसचा थांबा किती जवळ आहे यावरून ‘इतकीच पार्किंग, याहून जास्त नाही’ असं म्हणण्याची सवय आपल्याला अजून लागलेली नाही. तीन-चार मजली इमारतीच्या जागी पाच मजल्यांचं पोडियम पार्किंग उभं राहतं. त्यातली प्रत्येक गाडी सकाळी साडेआठला याच पोखरण रोडवर उतरणार. एका खात्याने मेट्रो आणायची आणि दुसऱ्या खात्याने तिच्याच शेजारी मोटारींची कोठारं सक्तीने बांधून घ्यायची. हे उजव्या हाताने पाणी घालून डाव्या हाताने रोप उपटण्यासारखं झालं.

‘पण रस्त्यात जागा कुठे आहे?’

हा आक्षेप नेहमी येतो, आणि तो प्रामाणिक आहे. बसला वेगळी मार्गिका द्यायची तर आधीच कोंडलेल्या रस्त्यातून देणार कुठून? पुण्याचं उदाहरण लगेच पुढे येतं. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर देशातला बीआरटीचा पहिला प्रयोग झाला. पुढे २०१५ मध्ये नवे मार्ग आले. आणि अलीकडे नगर रस्त्यावरची बीआरटी काढूनही टाकली. मग म्हणतात, बघा, बीआरटी आपल्याकडे चालत नाही.

आम्ही ते उदाहरण वेगळं वाचतो. पुण्यात मार्ग तुटक राहिले. चौकाच्या अलीकडे मार्गिका संपायची आणि नेमक्या कोंडीत बस इतर गाड्यांत मिसळायची. थांब्यापर्यंत रस्ता ओलांडून सुखरूप जाता येईना. मार्गिकेत खासगी गाड्या घुसल्या तरी रोखणारं कोणी नव्हतं. अर्धवट शिजवलेला भात टाकून द्यायचा आणि वर म्हणायचं, तांदूळच वाईट. अहमदाबादने २००९ मध्ये सुरू केलेली जनमार्ग सेवा आजही चालू आहे. तिच्यातही दोष आहेत, पण ती मोडून टाकली नाही.

आणि जागेचं म्हणाल तर ठाण्यात सरसकट सगळीकडे वेगळी मार्गिका हवीच असं नाही. कॅडबरी, माजिवडा, तीन हात नाका इथे बसला सिग्नलवर आधी सोडलं, थांब्याच्या अलीकडे-पलीकडे पन्नास मीटर गाड्या लावू दिल्या नाहीत, गर्दीच्या तीन तासांपुरती डावी मार्गिका बसला राखली, तरी फरक पडेल. एका मोटारीत सरासरी दीड माणूस असतो. बसमध्ये पन्नास असतात. पन्नासांना वाट द्यायला दीड जणाने दहा सेकंद थांबणं, यात अन्याय काय आहे?

शेअर रिक्षाबद्दलही बोललं पाहिजे. लोकमान्यनगर, वर्तकनगर ते स्टेशन ही सेवा खरं तर रिक्षावाल्यांनी चालवली आहे, कोणत्याही आराखड्याशिवाय. त्यांना शिव्या घालणं सोपं आहे. पण बस वीस मिनिटं येत नाही तेव्हा तीन मिनिटांत भरून निघणारी रिक्षाच माणसाला लोकल पकडून देते. आराखड्यात त्यांना जागा द्या, स्टँड आखून द्या, भाडं फलकावर लिहा. त्यांना अतिक्रमण समजून चालणार नाही.

ठाणे एकटं नाही

९ जून २०२५ ची सकाळ आठवते ना? मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींशेजारून गेल्या आणि दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. त्या दिवशी चार जण गेले. त्या गाड्या कसारा-कर्जतच्या बाजूच्या होत्या. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये सुरू झाली, तरी दार रिकामं झालं नाही. कारण कल्याण-डोंबिवलीच्या पलीकडे घरं वाढतायत आणि काम अजून मुंबईतच आहे.

या सगळ्यात बस काय करणार, असं वाटेल. थेट काही नाही करणार. पण कल्याणहून ठाण्यात, डोंबिवलीहून नवी मुंबईत कामाला येणारी किती तरी माणसं केवळ धड बस नाही म्हणून लोकलच्या दारात उभी असतात. ठाण्याची परिवहन वेगळी, कल्याण-डोंबिवलीची वेगळी, नवी मुंबईची वेगळी, बेस्ट वेगळी, एसटी वेगळी. हद्द संपली की सेवा पातळ होते. माणसाचा प्रवास मात्र महापालिकेची हद्द बघून होत नाही. मोठ्या शहरांसाठी एकात्म वाहतूक प्राधिकरण हवं, असं २००६ चं धोरण सांगतं आणि २०१७ चं धोरणही. कागदावर सगळं आहे. एक तिकीट, एक वेळापत्रक, एक नकाशा एवढं तरी प्रवाशाच्या हातात यायला हवं होतं.

काय मागायचं

टीका करून निघून जाणं बरं दिसत नाही. म्हणून चार मागण्या ठेवतो, चारही आजच्या पैशांत आणि आजच्या कायद्यात बसणाऱ्या.

पहिली. मेट्रोचं स्थानक सुरू होण्याआधी त्याच्या भोवतालचा एक किलोमीटर पदपथ पूर्ण झाला पाहिजे. १.८ मीटर, मोकळा, सलग. तो नसेल तर उद्घाटनाची तारीख जाहीर करू नये. कॅडबरी ते वर्तकनगर हा पहिला रस्ता घ्या.

दुसरी. टीएमटीच्या बसची संख्या आणि त्यांतल्या रोज प्रत्यक्ष रस्त्यावर आलेल्या बसची संख्या दर महिन्याला जाहीर करावी. लाखाला किती, हा आकडा शहराच्या तोंडपाठ असला पाहिजे, तलावाच्या पातळीसारखा.

तिसरी. अंदाजपत्रकात ‘परिवहन तोटा’ हा शब्द काढून ‘परिवहन सेवेचा खर्च’ असं लिहावं. शब्द बदलल्याने पैसे वाढत नाहीत, हे कळतं आम्हाला. पण चुकीच्या शब्दाने गेली तीस वर्षं पैसे कमी केले आहेत.

चौथी. स्थानकाजवळच्या पुनर्विकासात पार्किंगची किमान सक्ती काढावी आणि कमाल मर्यादा घालावी. वाचलेल्या मजल्यावर घरं बांधा, पाळणाघर बांधा, दवाखाना बांधा.

यावर कोणी म्हणेल, ही फारच लहान कामं आहेत, यात भव्य काही नाही. खरं आहे. पदपथाचं भूमिपूजन करायला दिल्लीहून कोणी येत नाही. म्हणूनच ती मागे राहतात आणि म्हणूनच ती नागरिकांनी मागावी लागतात. पुढच्या वेळी आराखड्यावर हरकती-सूचना मागवतील तेव्हा मेट्रो कधी, एवढंच विचारू नका. विचारा, की मेट्रो येईपर्यंतच्या प्रत्येक वर्षी बस किती वाढणार, पदपथ किती मीटर होणार, आणि त्यासाठी अंदाजपत्रकात कोणत्या लेखाशीर्षाखाली किती रुपये ठेवलेत. उत्तर लेखी मागा.

आम्ही इथेच थांबतो. प्रश्नांसाठी वेळ ठेवला आहे. कोणाला आमचे आकडे तपासायचे असतील तर जरूर तपासा, चूक सापडली तर सांगा.